हर्षदाच्या नावाची माळ

“बी.एस्सी.ला रडतखडत पास झालेल्या पोरीला मेडिकलला जागा मिळते का, माय?”

“मिळते का?”

“मिळाली. हर्षदाला.”

गोदूमायनं नुसती मान हलवली. पैनगंगेच्या काठी लहानसा मठ, त्यात ती एकटी. उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपाची माळ झाकायच्या पिशवीत. आत बोटं चालू.

समोरची यामिनी वाशीमहून आलेली. पुढं केलेलं पाणीसुद्धा न पिता सुरू झाली होती.

“आम्ही दोघी एका बाकावरच्या. मार्क सारखे, म्हणजे सारखेच वाईट. प्रवेशपरीक्षेचं फिजिक्स हर्षदाला मी शिकवलं. माझं शिकवलेलं हर्षदाला आलं, आणि मला...”

“तुला?”

“थोडक्यात हुकलं. दोन्ही वेळा. हर्षदा मात्र पहिल्या झटक्यात लागली.”

“मग आता काय?”

“फॉर्मची मुदत उद्या संपते. भरू की नको, तेवढं सांगा. घरचे म्हणतात, बँकेची परीक्षा दे. लोक म्हणतात, असल्या मार्कांवर कुणी डॉक्टर होतं का. अरे, हर्षदा होतेय ना? अभ्यासाला बसते मी, नाही असं नाही. पण पुस्तक उघडलं की हर्षदा दिसते. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. रोज एक फोटो टाकते हर्षदा.”

“आणि तू रोज बघतेस.”

“...बघते.”

मत्सराचं असंच असतं. ज्या ताटानं पोट बिघडतं, त्याच ताटावर रोज जाऊन बसायचं.

“ऐकताय ना, माय? तुमचा हात काही थांबत नाही.”

“ऐकतेय म्हणून तर चालतोय.”

“मी माझं दुःख सांगतेय आणि तुम्ही आपला जप करताय.”

“जप तुझाच चाललाय. तू हर्षदा म्हणालीस की मी एक मणी ओढते.”

यामिनीचं तोंड उतरलं.

“देवाच्या माळेवर?”

“माळेला काय त्याचं. ज्याचं नाव घ्याल, त्याचा मणी सरकतो. पोरी, नाव घेता घेता माणसं म्हातारी झाली या मठात. पण इतकं मन लावून घेतलेलं मी कुणाचं ऐकलं नाही.”

मायनं गोमुखीतून माळ काढली आणि तिच्या हातात दिली.

“घे. तुझी तू चालव.”

यामिनीनं रागानंच मणी ओढला. पुढं मोठा मेरूमणी आला, तर ती तोही ओलांडून निघाली. मायनं तिचा अंगठा धरला.

“मेरू ओलांडत नाहीत. इथून माळ मागं फिरवायची.”

“मागं कुठं?”

“पहिल्या नावाकडं. पहिल्यांदा हर्षदा कधी म्हणालीस?”

यामिनीनं माळ मागं फिरवली. खाली नदीवर कुणीतरी गोधडी आपटत होतं.

“हॉस्टेलात... पहिल्या दिवशी. जिन्यात रडत बसली होती. मी हाक मारली.”

“आणि आता कधी रडली ती?”

यामिनी दचकली. “तुम्हाला कसं कळलं?”

“कळलं कुठं? विचारलं.”

“...परवा. फोन आला होता तिचा. अॅनाटॉमीत नापास झाले म्हणाली. तुझ्यासारखं समजावून सांगणारं इथं कुणी नाही म्हणाली.”

“तू काय म्हणालीस?”

“रेंज नाही म्हटलं. आणि ठेवला.”

“मग?”

पोरगी खोटं बोलणारी नव्हती, एवढं एक तिचं बरं होतं.

“मग गोड वाटलं, माय. किती दिवसांनी पोटभर जेवले.”

माय हसली नाही, रागावलीही नाही. नुसती बघत राहिली. ते बघणं यामिनीला सोसेना.

“पेशंटच्या बाबतीत तसं नाही होणार,” ती घाईघाईनं म्हणाली. “पेशंटशी माझं काय वैर? गरीब, गांजलेलं माणूस दारात आलं तर मी जीव ओतीन. हर्षदाची गोष्ट निराळी. ती माझ्या पुढं गेली.”

मायनं रिकामी गोमुखी मांडीवर सरळ केली.

“मग फॉर्म भरू ना, माय?”

मायनं माळ तिच्या हातातून सोडवून घेतली.

“भर की. डॉक्टर हो. फक्त तुझ्यापेक्षा सुखी माणूस आजारी पडून आलं, तर त्याला हर्षदाकडं पाठव.”