आवडाकाकीचं गाऱ्हाणं

फार वर्षं झाली त्याला. इतकी, की आमच्या धोंडवळ गावात तेव्हा एस. टी. नव्हती, वीज नव्हती, आणि पलीकडच्या गावाशी आमचं भांडणसुद्धा सुरू झालं नव्हतं. पलीकडच्या गावातले लोक ही गोष्ट वेगळी सांगतात, त्यात सिंह दोन असतात. साफ खोटं. सिंह एकच होता.

गोष्ट आवडाकाकीची. बाबल मेस्त्र्याची ती बायको, आणि आमच्या रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकाराची लेक. गाऱ्हाणं म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्यांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो. गावकाराने देवासमोर उभं राहायचं, सगळ्या गावाची सुखदुःखं मोठ्या आवाजात देवाच्या कानावर घालायची, आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. आमच्याकडचं पोर आधी ‘आये’ म्हणायला शिकतं आणि मग ‘व्हय म्हाराजा’. एकदा गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंडात घास असला तरी माणूस म्हणतोच. माझे आजोबा तर झोपेत म्हणायचे.

आवडाकाकीने आवाज बापाचा घेतला होता. खाडीच्या या काठावरून तिने हाक मारली की त्या काठावरच्या म्हशी माना वर करत, असं म्हणतात. पण बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नाही अशी रीत. त्यामुळे तो सगळा आवाज बिचाऱ्या बाबलच्या वाट्याला आला.

म्हणूनच बाबल आफ्रिकेला गेला, असं काही लोक म्हणतात. मी म्हणत नाही. रेल्वेच्या कामाला सुतार हवे होते, पगार बरा होता, म्हणून गेला. पण तीन वर्षांनी आवडाकाकीसुद्धा लेकीला घेऊन बोटीने मागोमाग पोचली. लेकीचं नाव तानी. वय सहा, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. रानातल्या एका लहानशा स्टेशनावर पत्र्याच्या खोलीत तिघांचा संसार सुरू झाला. काकीने दारात तुळस लावली. ती तुळस एका जिराफाने खाल्ली. काकीने जिराफाला शिव्या घातल्या, आणि नंतर त्या वाटेने जिराफ कधी आला नाही, असं म्हणतात.

मग लढाई आली. इंग्रज आणि जर्मन, दोघेही गोरे, दोघेही आपापलं गाव सोडून आलेले, आणि भांडायला आले कुठे, तर तिसऱ्याच्या अंगणात! दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना? इथे तिसऱ्याचंच वाटोळं झालं. शेतं जळली, गुरं गेली, धडधाकट माणसं ओझी वाहायला धरून नेली.

एका सकाळी बोंब झाली की जर्मन रूळ उडवायला येताहेत. उभ्या मालगाडीत चढायला एकच पळापळ झाली. काकीने एका काखेत देवांची पेटी आणि दुसऱ्या काखेत तांदळाचं डबडं घेतलं आणि नवऱ्याला ओरडून सांगितलं, “अहो, सगळ्यात जीवापाड काय ता घट्ट धरा, सोडू नका!” बाबल म्हणाला, “धरलंय.” गाडी सुटली. सात मैलांवर काकीने मागे वळून बघितलं, तर नवऱ्याने दोन्ही हातांनी छातीशी रंधा धरलेला. लाकूड तासायचा रंधा!

“तानी खंय?”

“तुझ्याकडे ना?”

आता बाबललाही पुरतं वाईट ठरवू नका. सुताराच्या घरात रंध्याला पाय लागला तर नमस्कार करतात, दसऱ्याला त्याची पूजा करतात. घाबरलेल्या माणसाचा हात सवयीच्या जागी जातो. पण ते काकीला कोण सांगणार? नवऱ्याचं नाव न घेणारी ती बाई, सगळ्या गाडीदेखत म्हणाली, “मेल्या, चेडू टाकून लाकूड आणलंस?” आणि चालत्या गाडीतून तिने उडी टाकली.

बाबलही उडी मारायला निघाला होता, पण लोकांनी त्याला धरून ठेवलं. पुढचे चार महिने तो येणाऱ्या प्रत्येक गाडीत दोघींना शोधत राहिला.

काकी स्टेशनावर परतली तर स्टेशन जळत होतं. तानी नव्हती. धुळीत एक लहानसं पाऊल तेवढं उमटलेलं होतं, आणि ते पश्चिमेकडे, लढाईच्याच दिशेला गेलं होतं. काकी त्या पावलाशेजारी बसली आणि रडली. भरपूर रडली. मग तिने कासोटा आवळला, जळक्या खोलीतून कोयता शोधून काढला आणि चालू लागली.

वाटेत इंग्रजांची चौकी होती. तिथला साहेब हातवारे करून म्हणाला, पुढे लढाई आहे, परत जा. काकी म्हणाली, “लढाई तुमची. चेडू माझा.” आणि ती पुढे गेली. मागून शिपायांनी दोन गोळ्या झाडल्या. एक तिच्या अंबाड्यातून आरपार गेली, असं म्हणतात. देव तारी त्याला कोण मारी!

सिंह भेटला तो तिसऱ्या दिवशी, भर दुपारी. वाटेतच आडवा पसरला होता. काकीची पाचावर धारण बसली. पण तिला मागे वळता येत नव्हतं, कारण लेक पुढे होती. तेव्हा भीतीने जे तोंडात आलं ते तिने बोलायला सुरुवात केली, आणि तोंडात काय आलं, तर नवऱ्याला सांगायचं राहिलेलं सगळं. रंध्यापासून सुरुवात झाली, मग सासूबाई, मग लग्नात न घातलेली पुतळ्यांची माळ. असं म्हणतात की सिंहाने थोडा वेळ ऐकलं, मग तो उठला आणि खाली मान घालून निघून गेला. त्याचंही बहुतेक लग्न झालेलं असावं.

तिथल्या भाषेतला तिला एकच शब्द येत होता, ‘म्तोतो’, म्हणजे लेकरू. प्रत्येक गावात शिरून ती छाती बडवत ओरडे, “माझी म्तोतो!” ज्या गावात बाप्ये धरून नेलेले, त्या गावात बायकाच उरलेल्या. त्या आपापली पोरं बाहेर काढून तिच्यापुढे उभी करत. ही का? ही का? एका गावात तर चाळीस पोरं रांगेत उभी राहिली आणि काकीने प्रत्येकाची हनुवटी वर करून बघितली. शेवटचं पोर बघून झालं की ती मटकन खाली बसे. मग त्या बायका तिला मक्याची उकड खाऊ घालत, पाणी पाजत, आणि पुढची वाट दाखवत. एका म्हातारीने खुणांनी सांगितलं, जर्मनांच्या तांड्याबरोबर बायका-पोरंही आहेत, आणि त्यात एक परकी पोर आहे, सारखी बडबडते. काकी म्हणाली, “तीच ती!”

तांडा केळीच्या दाट बनात उतरला होता. काकी तिथे पोचली तोच शिपायांनी तिला धरलं. अंगभर धूळ, हातात कोयता, अंबाड्याला भोक. हेर नाही तर काय? त्यांचा कप्तान लांब मिशांचा, मिशांची टोकं मेण लावून वर वळवलेली. त्याने चार प्रश्न विचारले. काकीने त्याला आठ विचारले. एकमेकांचं कुणालाच कळलं नाही. शेवटी कप्तानाने एका झाडाकडे बोट दाखवलं आणि शिपाई दोर आणायला गेला. हे मात्र काकीला कळलं.

तिने भोवती बघितलं. तीन-चारशे माणसं. हमाल, शिपाई, शिपायांच्या बायका, आणि पोरंच पोरं. सगळी धुळीने माखलेली, डोकी भादरलेली. यात तानी कुठली? हाक मारावी, तर मघापासून ती हाकाच मारत होती, पण तोफांनी बधिर झालेली आणि आरडाओरड्याला विटलेली ती पोरं हाकेसरशी आणखीच आयांच्या मागे दडत होती.

काकीने हात जोडले. कप्तानाला वाटलं, मरणापूर्वी बाई देवाचं नाव घेत्येय. भला माणूस, त्याने टोपी काढली आणि सगळ्यांना गप्प उभं राहायला लावलं.

“देवा रवळनाथा,” काकी मनात म्हणाली, “बाईमाणसाने घालू नये, माका ठाऊक हा. पण हय दुसरो कोण नाय.” आणि तिने बापाचा आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा! बारा वेशींच्या धन्या! आज तुझी लेक परमुलखात तुझ्या पायाशी उभी आहे, तिची हाक ऐक रे म्हाराजा!”

ती थांबली. गाऱ्हाण्यात थांबावंच लागतं. बनात पानसुद्धा हललं नाही. काकीचा जीव कानात गोळा झाला.

“रंधो धरणाऱ्या माझ्या घोवाक थोडी अक्कल दे रे म्हाराजा!”

आणि मागच्या केळीतून, कुणी न सांगता, सवयीने, बारीक आवाजात उत्तर आलं, “व्हय म्हाराजा!”

काकीचा आवाज चिरकला. पण ती थांबली नाही, कारण अर्धवट गाऱ्हाणं सोडायचं नसतं. “या मिशीवाल्याची बुद्धी ठिकाणावर आण रे म्हाराजा!” आता दोन आवाज आले. तानीच्या जोडीला आणखी एका पोरीचा. मग हमालांनी ताल पकडला. पाचव्या मागण्याला शिपाई ओरडायला लागले, दोर आणायला गेलेलाही. काकीने देवाकडे मागितलं की या लढाईला मूठमाती मिळो आणि दोन्हीकडचे साहेब आपापल्या आयांकडे परत जावोत, आणि सगळा तांडा गर्जला, “व्हय म्हाराजा!” कप्तानानेही टोपी छातीशी धरून म्हटलं. तो ते ‘आमेन’ समजला होता.

तानी धावत आली. काकीने आधी तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, आणि मग तिला असं कवटाळलं की पोरीला श्वास घेता येईना.

कप्तानाने त्यांना सोडून दिलं. दया आली, असं म्हणतात. पण माझे आजोबा सांगत, की आपले चारशे लोक या बाईच्या एका शब्दाला होकार भरताहेत हे बघून त्याला घाम फुटला. असली बाई आपल्याकडे ठेवण्यापेक्षा इंग्रजांकडे गेलेली बरी, त्यांचं काय व्हायचं ते होवो!

इथे गोष्ट संपायला हवी होती. पलीकडच्या गावातले इथेच संपवतात. पण तानीच्या दुसऱ्या हातात एक हात होता. सात-आठ वर्षांची पोर, नाव नेमा. तांड्यात तानीला तिनेच सांभाळलेलं, आपल्यातलं अर्धं खाऊ घातलेलं, आणि बदल्यात तानीने तिला ‘व्हय म्हाराजा’ शिकवलेलं. नेमाचं गाव जाळलं तेव्हा तिची आई कुठे गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुरक्षित मुलूख पूर्वेला, दोन दिवसांवर. नेमाचं गाव पश्चिमेला, तोफांच्या पलीकडे. काकी फाट्यावर बसली. तिने लढाईला शिव्या दिल्या, देवाला दिल्या, नेमालाही दिल्या. आत्ता कुठे सापडलेली लेक पुन्हा तोफांच्या तोंडी न्यायची? तिचा जीव होईना. तेवढ्यात तानी म्हणाली, “आये, तिची आवस पण असाच सगळ्यांका इचारीत फिरता असात ना गो?”

काकीने तिला म्हटलं, “तोंड बंद कर.” आणि ती उठून पश्चिमेला चालू लागली.

आणि खरंच, त्या मुलखात आणखी एक बाई फिरत होती. काकी एका गावात पोचे, तर लोक खुणांनी सांगत, अशीच एक कालच येऊन गेली, म्तोतो म्तोतो करत. काकी तिच्यामागे धावे, तेव्हा ती काकीची बातमी ऐकून आलेल्या वाटेने परत धावलेली असे. महिनाभर दोघी एकमेकींना हुकवत राहिल्या. एकदा तोफेचा गोळा पन्नास पावलांवर पडला आणि दोन्ही पोरींवर काकी पालथी पडून राहिली. शेवटी तिने नदीच्या उतारावर, जिथून सगळ्यांना पायी नदी ओलांडावी लागे तिथे, बैठक मारली. म्हणाली, “आता मी हलत नाय. तिका काय फिरायचा ता फिरू दे.” आणि रोज सकाळी ती तिथे गाऱ्हाणं घाली, आणि दोन्ही पोरी उत्तर देत.

एकविसाव्या दिवशी नदीच्या पल्याडून आरोळी आली. धिप्पाड बाई, कमरेएवढ्या पाण्यातून धावत आली, मगरींनी वाट दिली, असं म्हणतात. तिने नेमाला खाली वर बघितलं. मग पहिल्यांदा तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, आणि मग तिला कवटाळून हंबरडा फोडला.

काकी डोळे पुसत हसायला लागली. तानीला म्हणाली, “बघ गो. ही आपल्यातलीच.”

काकी परतली तेव्हा बाबल स्टेशनावर उभा होता. रंधा त्याने नदीत फेकून दिला होता. काकी त्याच्या गळ्यात पडून रडली आणि मग म्हणाली, “फेकलात? आता खाऊया काय?”

ही झाली गोष्ट. त्या नदीच्या उतारावर बाया अजून पोरांना हाका मारतात त्या ‘व्हय म्हाराजा’ अशा, असं म्हणतात. मी गेलो नाही. पण धोंडवळचं मी डोळ्यांनी बघतो. आमच्या जत्रेला गावकाराचं गाऱ्हाणं झालं की शेवटचं एक मागणं बाई घालते. आजूबाजूच्या बारा गावांत हे कुठे नाही. ती म्हणते, “ज्या आईचं लेकरू, त्या आईच्या पदरात घाल रे म्हाराजा!” तिथे मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. उत्तर दोन पोरांनीच द्यायचं, एक गावातलं आणि एक बाहेरचं. यंदा आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातली पोर होती. तिला मराठीचा गंध नाही, पण अशी ओरडली की देवळावरची कबुतरं उडाली. मग गर्दीने वाट करून द्यायची, दोन्ही पोरांच्या आया पुढे यायच्या. दोन्ही पोरांचे हात आपापल्या आयांच्या हातात पडल्याशिवाय आमच्याकडे देवापुढचा नारळ फुटत नाही.