वापरलेली कोरी पट्टी

“कोरी पट्टी दाखवलीस, तर ती वापरलीच नाही. मग पैसे कसले? आणि रक्ताळलेली दाखवलीस, तर दरबारच्या पैशाचं कापड नासवलंस. दंड भर!” असं म्हणून खजिनदार त्रिंबकपंतांनी गोजरा भोईणीला चौथ्या महिन्यातही रिकाम्या हातानं परत पाठवलं.

गोजरा डोलीवाली. डोंगरवाड्यांतल्या दुखणेकऱ्यांना ती पट्ट्या बांधायची आणि तिचे चार भोई त्यांना डोलीतून गडावरच्या वैद्यांकडे न्यायचे. पट्ट्यांचा खर्च दरबारानं द्यायचा, असा हुकूम होता. पण पंत महाचिक्कू!

गोजरा तडक महाराजांपुढे गेली. महाराज पक्के हट्टी, त्यातून पंत त्यांच्या मर्जीतले.

“पंतांचं बरोबर आहे,” महाराज म्हणाले. “उद्या दरबारात वापरलेली, तरीही कोरी अशी पट्टी आण. आणलीस तर सगळे पैसे. नाहीतर डोली जप्त!”

डोली गेली तर वाड्यांवरचं आजारी माणूस गडावर पोचणार कसं? पण बाई खमकी!

“आणते की सरकार!” म्हणाली आणि गड उतरली.

सकाळी डोली थेट गडाच्या पायथ्याशी पंतांच्या दारात!

“पंत, दरबारात निघालात नव्हं? चढण लई उभी हाय. बसा डोलीत, फुकट नेते!”

फुकट ते पौष्टिक! पंत टुणकन आत बसले.

“पर आमची रीत ठाव हाय ना? वाटंत हादरे बसतात. पट्टी बांधल्याबिगर डोली उचलत न्हाई.”

“बांध, बांध! फक्त तिचे पैसे मागू नकोस!”

गोजरानं पाय बांधले, हात बांधले, डोकं नाकापर्यंत गुंडाळलं, पोटाला तर अकरा वेढे लागले! पंत “अगं, पुरे!” म्हणेपर्यंत भोई निम्मा गड चढले होते.

दरबारात डोली टेकली. महाराज दचकले. “हे कोण?”

“मी त्रिंबकपंत, महाराज!”

“अरेरे! काय झालं तुम्हांला?”

“काहीसुद्धा नाही!”

गोजरानं मुजरा केला. “बघा सरकार! पायथ्यापासनं वापरलीया, आन् एक डाग न्हाई!”

“लबाडी!” पंत किंचाळले. “ही वापरलेली नाहीच!”

“न्हाई? मग या की उठून!”

पंत उठायला गेले आणि गडगडत सिंहासनापाशी पोचले. “वापरलीय! वापरलीय! सोडा मला!”

महाराजांनी हसू दाबलं. “मग गोजरा, रोज अशीच कोरी का आणत नाहीस?”

“आणते की! दुखणेकरी ऱ्हाऊ द्या वाडीवर, डोलीत रोज पंतांवानी धडधाकट माणूस घालते. सरकार, जखमेवर बांधल्याली पट्टी रंगणारच!”

महाराज इतके हसले, इतके हसले, की पागोटं घसरून नाकावर आलं! “शाब्बास! गोजराला नवी डोली आणि भरजरी लुगडं द्या! पंत, चार महिन्यांचे पैसे मोजा!”

“हात बांधलेत, महाराज!”

“मग गोजरा, तूच घे मोजून!”