धाकट्याची आठवण

दगड बोलायचे त्या काळी, एका माळावर आभाळातून दोन दगड पडले, सख्खे भाऊ. त्यांना शोधत लोहचुंबक आणि भिंग आले.

“निरखत बसायला वेळ कुणाला?” म्हणत चुंबक थोरल्याला जाऊन चिकटला. “हा आभाळातलाच!”

“कुठून आलास रे?” भिंगाने विचारले. थोरल्याला काही केल्या आठवेना. त्याच्या अंगातल्या लोखंडाने जपलेली घराची आठवण चुंबकाच्या स्पर्शाने पुसून गेली होती.

चुंबक धाकट्याकडे वळला.

“थांबा, चुंबकराव! तुमच्या स्पर्शाने याचीही आठवण पुसेल!” भिंग ओरडले. “आभाळातून येताना जळून काळी पडलेली ही साल बघा. ओळखायला एवढी पुरे.”

चुंबक ओशाळून मागे सरला. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. शेजारी पडलेल्या थोरल्याला तो म्हणाला, “दादा, ऐक. आपलं घर कुठं होतं, ते मी सांगतो.”