दगड एकाच जागी का असतो

“बाबा, हा दगड एकाच जागी का आहे, सांगता येईल तुम्हाला?”

फकीर कंबलशा चूल फुंकत होते. धुरातूनच त्यांनी वर पाहिलं.

“मी ठेवला म्हणून. कुत्रं आत शिरतं. दाराला लावायला बरा पडतो.”

विचारणारा हेरंब दातार पुण्याच्या एका प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ होता आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. चार-पाच दिवसांपासून तो गावात उतरला होता. रोज टेकडी चढून बाबांच्या तकियात, म्हणजे त्यांच्या त्या मठीत यायचा आणि बाबांना काहीतरी शिकवून जायचा. आपण शिकायला आलोय, असं मात्र सगळ्यांना सांगायचा.

“तसं नाही हो बाबा. दगड ज्या कणांचा बनलाय ना, त्यातला एखादा कण एकटा असला की तो इथंही असतो आणि तिथंही असतो. एकाच वेळी.”

“मजा आहे त्याची.”

“मजाच. पण टिकत नाही! मी त्याला डब्यात कोंडतो. आतली हवा काढून घेतो, उजेड बंद करतो, मरणाची थंडी करतो. तरी कुठून तरी उजेडाची एक तिरीप शिरते, त्याला नुसती चाटून जाते आणि सगळं मुसळ केरात. कण एका जागचा होऊन बसतो.”

“तिरीप काय करते त्याला?”

“काही नाही. तो कुठं आहे एवढी खबर घेऊन निघून जाते.”

“आणि हा दगड?”

“त्याच्यावर तर ऊन, वारा, धूळ सारखी आदळतेय. जो तो तीच खबर घेऊन पळतो. म्हणून मला, तुम्हाला, कुत्र्याला, सगळ्यांना तो एकाच जागी दिसतो.”

बाबांनी मान डोलावली. चहा गाळून एक पेला त्याच्यापुढे सरकवला.

“हे सांगायला एवढी टेकडी चढतोस?”

हेरंबचा चेहरा उतरला.

“परदेशातल्या फार मोठ्या प्रयोगशाळेनं बोलावलंय. आज संध्याकाळी त्यांचा फोन येणार. जाऊ, की पुण्यातल्या आपल्या त्या गळक्या प्रयोगशाळेत आपल्या विद्यार्थी पोरांबरोबर राहू... दोन्ही खरं वाटतं, बाबा. झोप उडालीय माझी. मागच्या खोलीत फकीर चाळीस दिवस एकांतात बसतात म्हणे. मला संध्याकाळपर्यंत बसू द्या. कुणाचा वारा लागला नाही, तर माझं खरं मन मला कळेल.”

“चाळीस दिवसांचं काम संध्याकाळपर्यंत!” बाबा कौतुकानं म्हणाले. “शिकलेली माणसं झपाट्याची.”

हेरंब आत गेला. बाबांनी दार ओढलं आणि बाहेरून तो दगड लावला.

ऊन कललं तेव्हा त्यांनी दगड सरकवला.

“काय ठरलं?”

“जायचंय.”

बाबा चुलीकडं वळले.

“आणि राहायचंय. आत जाताना निदान थोडं इकडंतिकडं होतं, आता दोन्ही अगदी सारखं झालंय!”

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“साखर संपलीय,” ते डोळे पुसत म्हणाले. “चल गावात.”

वेशीवरच चहावाल्या सोनाबाईनं हाक मारली.

“न्हाई ना जात सायेब? लई बेस केलंत.”

“कोण म्हणालं तुम्हाला?”

“कोन कशाला म्हनतंय? पुन्याच्या पोरांचा फोन आला की तुमी हसत उठताय. त्यो इंग्रजी फोन आला की माजा चा गार हुतो.”

शेजारी बसलेल्या चांभार धोंडीबानं हेरंबचे बूट पुढं केले. सोनाबाईशी त्याचं गटाराच्या पाण्यावरून कधीचं बोलणं बंद होतं, तरी तोही तेच बोलला.

“टायरचा तळ मारलाय. तुमीच म्हनला, ह्या टेकडीला वरीसभर टिकंल असं करा. तवाच वळखलं म्या, गडी ऱ्हातोय.”

रोपवाटिकेच्या कुंपणावरून यशवंतानं हात हलवला. “सायेब, फनसाचं रोप राकून ठिवलंय! जानारा मानूस फळ कवा धरंल, इचारत न्हाई!”

हेरंब रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

खिशातला फोन वाजला. त्यानं तो उचलला आणि परदेशातल्या मोठ्या माणसाला चार शब्दांत, हसत, येत नसल्याचं कळवलं. फोन खिशात टाकताना त्याला फार हलकं वाटलं. पोटात भुकेची आग पडल्याचंही त्याला आत्ताच कळलं.

बाबा किराणावाल्याकडून साखरेची पुडी घेऊन आले.

“पण बाबा,” हेरंब म्हणाला, “मी तर कुणालाच काही सांगितलं नव्हतं!”

बाबांनी पुडी त्याच्या हातात दिली आणि टेकडीची वाट धरली.

“दगड तरी कुठं सांगतो?”