कासवदादा सुटेना!

एक होती टिमकी. खेकड्याचं इवलंसं पिल्लू. रोज सकाळी किनाऱ्यावर तिची गाडी यायची. कसली गाडी? कासवदादाची पाठ! टिमकी वर बसायची, दादा तिला समुद्रात फिरवायचा. डुबुक डुबुक!

आज गाडी आलीच नाही.

टिमकी शोधायला निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

बघते तर काय! कासवदादा वाळूत. पायात फाटकं जाळं, जाळ्याला लाल दोरा. ओढावं तेवढं घट्ट!

"टिमके, ऊन तापतंय गं. मला पाण्यात जायचंय."

टिमकीला रडू आलं. पण ती रडत बसली नाही. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

माडाखाली जयवंती मावशी लाल दोऱ्यानं जाळं सांधत होती.

"मावशी, मावशी, कासवदादा सुटेना! तू ये ना!"

"येते गो बाय. पण कोयती टोपलीत, टोपलीवर माऊ. हात लावला की बोचकारते! माऊ उठेल तर येईन."

तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"माऊ, माऊ, मावशी येईना, कासवदादा सुटेना! तू ऊठ ना!"

"म्यांव! बगळा मासा देईल तर उठेन."

तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"बगळ्या, बगळ्या, माऊ उठेना, मावशी येईना, कासवदादा सुटेना! तू मासा दे ना!"

"लाट मासा आणेल तर देईन."

तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"लाटे, लाटे, बगळा मासा देईना, माऊ उठेना, मावशी येईना, कासवदादा सुटेना! तू ये ना!"

"वारा ढकलेल तर येईन."

वारा सुरूच्या झाडात लोळत पडला होता.

"वाऱ्या, वाऱ्या, लाट येईना, बगळा मासा देईना, माऊ उठेना, मावशी येईना, कासवदादा सुटेना! तू वाहा ना!"

"कंटाळा आलाय. मला हसव, मग वाहतो."

"बघ हं, मी सरळ चालते!"

आता खेकडा कधी सरळ चालतो का? आठ पाय, सगळे एकमेकांत! धुप्प! टिमकी उताणी!

वारा हसला. खो खो! फू फू!

वारा वाहिला, लाट आली. धो धो! लाटेनं मासा आणला, बगळ्यानं माऊला दिला. गट्टम! माऊ उठली. कोयती घेऊन मावशी धावली. कचाकच!

कापता कापता मावशी थांबली.

"अगो बाय! लाल दोरा! ही गाठ तर माझीच! फाटका तुकडा मीच फेकला दर्यात. चुकलं हो माझं, कासवा!"

शेवटची गाठ तिनं हळूच कापली. जाळ्याचा गोळा केला, टोपलीत टाकला. आता फाटकं जाळं टोपलीतच जातं. माऊ त्यावर मस्त झोपते.

आणि टिमकी?

"बस गं टिमके," कासवदादा म्हणाला.

टुणुक! टिमकी वर. डुबुक डुबुक!

कासवदादा सुटला, टिमकीची गाडी सुटली, आणि आपली गोष्टही सुटली!