साठ लॅपटॉप आणि वाटीभर विरजण

"दसऱ्याच्या आत प्रत्येक मुलाचा लॅपटॉप अपडेट झालाच पाहिजे. न झालेला जप्त!"

राजा रणशेखराने अशी दवंडी पिटवली आणि उंचाडे गावाच्या तोंडचं पाणी पळालं. डोंगरमाथ्यावरच्या या गावात साठ पोरं आणि साठ सरकारी लॅपटॉप. स्वस्तातले, हिरवे, उघडले की आधी राजाची तसबीर दाखवणारे. नेटवर्क मात्र सुळक्यावरच्या एकाच कातळावर यायचं, तेही इतकं मेंगळट की एक अपडेट उतरायला अख्खा दिवस! आणि दसरा तीन दिवसांवर.

"साठ लॅपटॉपांना साठ दिवस," असं म्हणत यंत्रमंत्री दाजीपंतांनी खुशाल जप्तीच्या बैलगाड्या जुंपल्या. जप्त झालेला लॅपटॉप मोजणीत धरत नाहीत, म्हणजे राज्याचं काम आपोआप शंभर टक्के! असल्या हुशारीवरच माणसं मंत्री होतात.

गावात दही विकणारी भिवरा मात्र खवळली. तिला स्वतःला सही येत नव्हती, पण तिची सगुणा त्या लॅपटॉपवर नुकती भागाकाराला लागली होती. तो गेला तर पोरगीही आपल्यासारखीच अंगठेबहाद्दर राहणार, या विचाराने तिला घास जाईना. ती तडक शाळेत गेली.

"गुरुजी, एकात उतरल्यालं दुसऱ्यात घालता येत न्हाई का?"

"येतं की! पेनड्राइव्हने पाच मिनिटांत. पण पंतांचा हुकूम आहे, ज्याने त्याने राजवाड्यातूनच घ्यायचं."

"मग हे इरजणावाणीच झालं की! एका घरचं इरजण साऱ्या गावाला पुरतंय!"

पहिला अख्खा दिवस ती कातळावर सगुणाच्या लॅपटॉपवर छत्री धरून बसली. दुसऱ्या दिवशी कनवटीला पेनड्राइव्ह खोचून घरोघर फिरली. गुरुजींनी नवं काय आलंय ते उघडून पाहिलं. तसबिरीतल्या राजाच्या मिशा दोन बोटं लांब झाल्या होत्या. बाकी काही नाही!

तिसऱ्या दिवशी गाड्या घेऊन पंत आले, तर साठही पडद्यांवर नव्या मिशा! "चोरी! चोरी!" ओरडत त्यांनी भिवराला दरबारात उभं केलं.

राजा गरजला, "राजवाड्यातून एकच अपडेट गेलं. एकोणसाठ चोरीची! उद्यापर्यंत ती परत कर. आणि ऐक, एकाही पडद्यावरची माझी मिशी आखूड होता कामा नये! नाहीतर साठही जप्त!"

"उद्या कशाला, आत्ता देते की म्हाराज! पर आदी आमचं इरजण परत करा."

"कसलं विरजण?"

"तुमच्या आचाऱ्यालाच इचारा."

म्हातारा आचारी पुढे आला. "सरकार, आपल्या बारशाला वाड्यातलं दही नासलं होतं. तेव्हा हिच्या सासूकडून वाटीभर विरजण आणलं. आजतागायत त्याच्यावरच आपलं दही लागतंय."

"एवढंच? द्या हिला वाटीभर दही!"

"ते नगं, ते तुमच्या दुधाचं. मला माझ्या सासूचं इरजणच पायजे. अन् ते काढताना तुमच्या हंडीतलं दही तसूभर कमी होऊ देऊ नगा!"

"अगं शहाणे, ते आता कसं निघेल? कधीच मिसळून गेलं! आणि दिलं म्हणून तुमच्या घरचं दही काय संपलं?"

"न्हाई संपलं, म्हाराज. तुमचं अपडेट संपलं का?"

राजाने पंतांकडे पाहिलं, पंतांनी छताकडे. मग राजाच्या खऱ्या मिशा थरथरल्या आणि तो खदाखदा हसत सुटला.

"सुटलीस! लॅपटॉपही सुटले! पंत, जप्तीच्या गाड्या रिकाम्याच आहेत ना? त्यांवर नेटवर्कचा टॉवर लादा आणि उंचाड्याला चढवा. तुम्ही मागून ढकला! भिवरे, तुला काय हवं? माग!"

"म्हाराज, म्होरल्या अपडेटात मिशा जरा आखूड करा. उरल्या जागंत पोरांचा एखादा धडा मावंल."

राजाने मिशीवरून हात फिरवला, पुन्हा खो खो हसला आणि न्हाव्याला बोलावणं धाडलं.