सांध्यातली वाळू

सिनेमातली यंत्रंही तोंड उघडून बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. विश्राम सावर्डेकर नावाचा ऑपरेटर अंगात जाकीट चढवायचा, जाकिटाला स्प्रिंगचा लोखंडी हात जोडायचा आणि त्या हातावर कॅमेरा बसवून नटांमागे धावायचा. धावण्याचे धक्के हात सोसायचा, म्हणून चित्र हलायचं नाही.

एकदा समुद्रकिनाऱ्यावरचं शूटिंग संपलं. विश्रामने कॅमेरा मऊ फडक्याने पुसला आणि लोखंडी हात तसाच, न पुसता पेटीत टाकला.

"माझ्या सांध्यात वाळू गेलीय," हात कॅमेऱ्याला म्हणाला. "विश्राम तुझं ऐकतो. त्याला सांग, सांधे साफ कर म्हणून."

"तुझं रडगाणं मी कशाला सांगू?" कॅमेरा म्हणाला. "'काय स्थिर शॉट!' म्हणत लोक माझंच कौतुक करतात."

हात भडकला. "धक्के मी खायचे आणि टाळ्या तू घ्यायच्या? एकदा तरी खरं बोललास का रे, निलाजऱ्या?"



दुसऱ्या दिवशी जिन्यावरच्या पळापळीत वाळूने सांधा अडला आणि चित्र गदागदा हललं. दिग्दर्शक सगळ्यांदेखत विश्रामवर ओरडला. संतापलेल्या विश्रामने स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि थेट कॅमेराच खोलायला घेतला.

"अहो, मला का खोलताय?" कॅमेरा किंचाळला. "चित्र स्थिर ठेवणं माझं काम नाहीच! ते हाताचं काम!"

"अस्सं?" दुसरा स्क्रू काढत विश्राम गुरकावला. "मग इतकी वर्षं शाबासकी कुणाची लाटत होतास?"